हात गेल्यावर दवाखाना कुणाचा?

गेल्या खेपेला व्याख्यान संपलं तेव्हा इथल्याच, नया नगरमधल्या एका ताईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, "सर, माझ्या भावाचा हात प्रेस मशीनमध्ये गेला. निराधारचे पैसे मिळतात, पण दवाखान्याचं काय? पैसे देणारं सरकार औषध का देत नाही?" मी तत्त्वज्ञानाचा माणूस. काहीतरी गोल बोललो आणि निघालो. घरी गेल्यावर मात्र स्वतःचीच लाज वाटली. आजचं बोलणं हे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर समजा.

सुरुवात १९२३ पासून करू. त्या वर्षीच्या कायद्यानं ठरलं की कामावर अपघात झाला तर मालकानं भरपाई द्यायची. रक्कम हातात पडली की विषय मिटला. पुढच्या आयुष्यभराच्या उपचारांचं काय, हा प्रश्नच त्यात नव्हता.

तो विचारला गेला १९४३ मध्ये. औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखायचं काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे आलं. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. १९४४ मध्ये अहवाल आला, त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली, १९५४ मध्ये ती मुंबईत आली.

या योजनेचं मोठेपण कशात? पैसा आणि औषध यांची तिनं फारकत केली नाही. कामावर कायमचं अपंगत्व आलं तर दरमहा रक्कमही मिळते आणि दवाखानाही. पुढे तर अशीही सोय झाली की अपंगत्वामुळे नोकरीच गेली, तरी वर्षाला फक्त १२० रुपये भरून निवृत्तीच्या वयापर्यंत त्याला आणि त्याच्या जोडीदाराला उपचार मिळत राहावेत. नुसतं ऑपरेशन नव्हे. रोजच्या गोळ्या, तपासण्यासुद्धा.

मग ताईंच्या भावाला हे का मिळालं नाही? कारण दाराशी आकडा उभा आहे. कारखान्यात १० माणसं हवीत. मीरा-भाईंदरच्या गाळ्यांत पाच-सहा माणसांवर काम चालतं. यंत्र तेच, हातही तसाच, पण कायद्याच्या हिशेबात तो कामगार नाही.

असा माणूस दुसऱ्या दारात जातो. १९८० पासून महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिथं पैसे मिळतात, पण त्याला जोडून विमा येत नाही. त्यासाठी तिसरं दार. जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात मुंबई उपनगर होतं, ठाणे नव्हतं. म्हणजे दहिसर चेकनाक्याच्या पलीकडे योजना, अलीकडे आपण! इथं ती नोव्हेंबर २०१३ मध्ये आली. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव आहे. योजना उपयोगी आहे, पण ती मुख्यतः रुग्णालयात भरती झाल्यावरची. अपंग माणसाचा खरा खर्च मात्र महिन्याच्या गोळ्या, फिजिओथेरपी आणि रिक्षाभाडं यांतच जातो.

केंद्राची निरामय योजना बाहेरच्या उपचारांचाही खर्च देते, एक लाखापर्यंत. पण ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता एवढ्यांसाठीच. तुटलेला हात त्यात बसत नाही.

आपलंच असं आहे असंही नाही. अमेरिकेत १९६५ ची मेडिकेअर योजना वृद्धांसाठी होती. अपंगत्वाचा भत्ता घेणाऱ्यांना ती १९७३ पासून मिळाली, तीही भत्ता सुरू झाल्यावर २४ महिने थांबून. पण तिथं भत्ता आणि विमा यांच्यात धागा आहे. उशिरा का होईना, एक मिळालं की दुसरं येतं.

आपल्याकडेही तो धागा कागदावर आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २४ सांगतं : राज्य विमा किंवा इतर सरकारी विम्यात जे बसत नाहीत, त्या दिव्यांगांसाठी सर्वसमावेशक विमा योजना असावी. ताईंचा प्रश्न संसदेनं त्यांच्याआधीच मान्य केला होता, म्हणा ना!

मला यात एक जुना तात्त्विक घोळ दिसतो. उपचार कशाच्या बळावर मागायचे? कमावलं म्हणून, गरीब आहे म्हणून, की माणूस आहे म्हणून? आपण तिन्ही उत्तरं वेगवेगळ्या काळात दिली आणि प्रत्येकाची वेगळी खिडकी उघडली. खिडक्यांच्या मधे जो उभा राहतो, त्याला प्रत्येक जण शेजारची खिडकी दाखवतो.

ताई, आज आला असाल तर एक सांगतो. गाळ्यात खरोखर किती माणसं होती, ते आधी मोजा. १० भरत असतील आणि मालकानं नाव नोंदवलं नसेल, तर १९४८ च्या कायद्याच्या कलम ६८ नं महामंडळाला कामगाराला लाभ देऊन रक्कम मालकाकडून वसूल करण्याचा अधिकार दिला होता. आणि १० भरत नसतील, तर तो प्रश्न एकट्या तुमचा राहत नाही. तो मग आपल्या सगळ्यांचा आहे.