लोणार सरोवर : क्षारजलातील हंगाम व निर्बंध

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार या तालुक्याच्या ठिकाणी असलेले, उल्काघाताने निर्माण झालेल्या विवरातील क्षारयुक्त पाण्याचे सरोवर. खाऱ्या पाण्यातून काय घ्यावे, कोणत्या ऋतूत घ्यावे आणि कोणाच्या परवानगीने घ्यावे, हे प्रश्न किनारपट्टीवर प्रामुख्याने मासेमारीच्या संदर्भात उद्‌भवतात. समुद्रापासून दूर असलेल्या या जिल्ह्यात ते लोणारच्या पाण्यासंबंधी उद्‌भवले. मात्र येथील उत्पन्न मासे हे नसून क्षार हे होते.

विवराचा व्यास सु. १·८ किमी. असून तळाशी सु. १·२ किमी. व्यासाचे सरोवर आहे. विवर बेसाल्ट खडकात असून ते उल्काघाताचेच आहे, हे १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने सिद्ध केले. विवराच्या उतारावर धार नावाचा गोड्या पाण्याचा झरा आहे. परंतु सरोवरातून पाणी बाहेर जाण्यास वाट नाही. त्यामुळे बाष्पीभवन होऊन सोडियमाचे कार्बोनेट व क्लोराइड हे क्षार मागे राहतात. पाणी अत्यंत अल्कधर्मी असल्याने सामान्य गोड्या पाण्यातील किंवा समुद्रातील मासे त्यात जगू शकत नाहीत. मात्र ते निर्जीव नाही. नील-हरित शैवले, क्षारप्रिय सूक्ष्मजीव आणि त्यांच्या आधाराने राहणारे जलपक्षी यांची स्वतंत्र जीवसृष्टी तेथे आहे.

क्षारांचा हंगाम : आईन-इ-अकबरी या ग्रंथात (सोळाव्या शतकाची अखेर) मेहकर भागातील लोणारचा उल्लेख विष्णुगया या तीर्थाच्या नावाने आला आहे. तेथे काच व साबण यांस लागणारे पदार्थ मिळतात आणि क्षारांवरील करापासून राज्यास चांगले उत्पन्न होते, असे अबुल फज्लने नमूद केले आहे. तीर्थाचे पावित्र्य आणि राज्याचा महसूल या दोन्ही गोष्टी तेव्हापासून एकत्र नांदत होत्या.

क्षार काढण्याचा काळ निसर्गानेच ठरवून दिला होता. पावसाळ्यात पाणी वाढून क्षार विरळ होत. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर ते काठावर व तळाशी साचत. मजूर पाण्यात उतरून ते गोळा करीत. दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी व भुस्की अशी त्यांची प्रतवारी असे. पावसाने ओढ दिलेले वर्ष शेतकऱ्यास वाईट, तर क्षार काढणाऱ्यास चांगले, असा हा विपरीत न्याय होता. वऱ्हाड १८५३ मध्ये ब्रिटिशांच्या कारभाराखाली आल्यानंतर या सोड्याच्या औद्योगिक उपयोगाकडे लक्ष गेले. ला टूश व क्रिस्टी यांनी केलेली सरोवराची पाहणी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९१२ मध्ये प्रसिद्ध केली.

सागरी मासेमारीशी तुलना : कोकणात कोळी समाज पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतो आणि श्रावणातील नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ अर्पण करून मासेमारीस पुन्हा आरंभ करतो. खवळलेल्या समुद्राने घालून दिलेल्या या रूढीस पुढे कायद्याचे स्वरूप आले. १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमाने सुरुंगाची दारू व विष वापरून मासे मारण्यास मनाई केली. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ मध्ये संमत झाला. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद ठेवावी लागते. ही बंदी मुख्यतः यांत्रिक नौकांसाठी असून बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना तीतून सूट आहे. माशांच्या प्रजननास अवसर मिळावा, हा तिचा हेतू होय. कोकणात पावसाळा हा बंदीचा, तर लोणारला तो केवळ प्रतीक्षेचा काळ होता. क्षार प्रजनन करीत नसल्याने तेथील निर्बंधांचा हेतू संवर्धन हा नसून महसूल हा होता.

अभयारण्य : हा हेतू विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पालटला. विवरास राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा मिळाला आणि २००० मध्ये सरोवर व परिसर वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित झाला. २०२० मध्ये रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत त्याचा समावेश झाला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील वन्यजीवांच्या व्याख्येत प्राण्यांबरोबर जलवनस्पतीही येतात. अभयारण्यातून त्या काढून नेणे वा अधिवासास हानी पोहोचविणे यांस परवान्याशिवाय मनाई आहे. हौसेखातर गळ टाकण्याससुद्धा येथे मोकळा हंगाम नाही. पूर्वी उन्हाळ्यात खुले होणारे हे पाणी आता बाराही महिने संरक्षित आहे.

तथापि केवळ उपशावरील बंदीने सरोवराचे रक्षण होत नाही. जून २०२० मध्ये पाणी कमी होऊन क्षारता वाढली, तेव्हा क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे ते गुलाबी झाले होते. उलट अलीकडील वर्षांत पाण्याची पातळी वाढली असून गोड्या पाण्याचा भरणा ही चिंतेची बाब ठरली आहे. पाणी गोडे होत गेल्यास सामान्य मासे तेथे जगू शकतील. पण ज्या जीवसृष्टीसाठी हे सरोवर राखले गेले, ती मात्र नष्ट होईल. अभयारण्यात येणारा वा तेथून जाणारा पाण्याचा प्रवाह वळविणे, अडविणे वा वाढविणे यांसही उपर्युक्त अधिनियमाने परवान्याचे बंधन घातले आहे. समुद्रात माशांची विपुलता हे नियमांच्या यशाचे गमक मानले जाते. लोणारला माशांचा अभाव हेच ते गमक होय.