हाड जखमेतून बाहेर दिसते तेव्हा : पहिल्या तासाबद्दल संशोधन काय सांगते

जयगड ते रत्नागिरी हे अंतर साधारण ४५ किलोमीटर. निवळी फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बंदराची अवजड वाहने आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या दुचाक्या. हंगामात आंब्याच्या झाडावरून पडणारे, होडीवर दोरखंडात पाय अडकणारे वेगळेच. अशा भागात मंडळाच्या प्रत्येक कार्यकर्त्याला एका दुखापतीची नीट माहिती हवी. ती म्हणजे उघडा अस्थिभंग, ज्याला डॉक्टर ओपन फ्रॅक्चर म्हणतात.

मोडलेल्या हाडापर्यंत बाहेरून जखम पोहोचली की तो उघडा अस्थिभंग. मग जखम नखाएवढी का असेना. नडगीच्या पुढच्या बाजूला हाडावर फक्त कातडीच असते, म्हणून तिथे तो जास्त दिसतो. माती, शेण, तेल आत गेले की हाडात पू होतो, हाड जुळत नाही, वर्ष वर्ष शस्त्रक्रिया चालतात आणि कधी पाय कापावा लागतो. हातावर पोट असलेल्या घरात याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको.

गुस्टिलो आणि अँडरसन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७६ साली हजाराहून अधिक उघड्या अस्थिभंगांचा अभ्यास मांडला आणि जखमेच्या आकारानुसार व मांस किती फाटले यानुसार तीन प्रकार केले. ही वर्गवारी आजही केसपेपरवर दिसते. त्या काळी सहा तासांच्या आत जखम शस्त्रक्रियेने साफ झालीच पाहिजे, असा दंडक होता. पुढच्या अभ्यासांनी तो सैल केला. साफसफाई अनुभवी हातांनी आणि नीट होणे महत्त्वाचे, त्यासाठी बहुतेक जखमांत काही तास थांबता येते. प्रतिजैविकाचे इंजेक्शन मात्र थांबू शकत नाही. ते शक्यतो पहिल्या तासातच मिळावे, असे आताची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. हे इंजेक्शन महागडे नाही आणि त्याला मोठे शस्त्रक्रियागृह लागत नाही.

जखम कशाने धुवावी यावरही मोठा वाद होता. जोरदार फवाऱ्याची यंत्रे विकली जात होती, साबणाचे द्रावण चांगले असे म्हटले जाई. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फ्लो’ चाचणीत भारतासह पाच देशांतल्या ४१ केंद्रांमधील सुमारे २,४०० रुग्ण होते. निष्कर्ष साधा निघाला : मंद धारेने सोडलेले सलाईन जोरदार फवाऱ्याइतकेच चांगले, आणि साबण वापरलेल्यांना पुन्हा शस्त्रक्रिया जास्त लागल्या. गरीब रुग्णांच्या दृष्टीने इतका उपयोगी निष्कर्ष क्वचितच हाती लागतो.

पाय वाचवायचा की कापायचा, या अवघड निर्णयासाठी जगभर वापरली जाणारी एक मोजपट्टी आपल्याच देशातली आहे. कोईम्बतूरच्या गंगा रुग्णालयात डॉ. एस. राजशेखरन आणि सहकाऱ्यांनी ती तयार केली. कातडी, हाड, स्नायू यांचे नुकसान आणि रुग्णाची एकूण स्थिती यांना गुण द्यायचे. बेरीज १४ किंवा कमी असेल तर पाय वाचवण्याकडे कल, १७ किंवा जास्त असेल तर कापण्याकडे. मधल्या गुणांवर डॉक्टरांच्या अनुभवाची कसोटी. पाय कापायचा सल्ला मिळाला तर नातेवाईकांनी ‘गुण किती आले?’ असे जरूर विचारावे. विचारण्यात उद्धटपणा नाही.

पण हे सारे ज्ञान रुग्णालयाच्या दारात पोहोचलेल्यासाठी. २०२० साली १८ गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या हजारो रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याने बोट ठेवले ते एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात पाठवण्यात जाणाऱ्या वेळेवर. कोकणात हे सांगायला संशोधक लागत नाही. आधी जवळचा दवाखाना, मग तालुका, मग जिल्हा, कधी थेट कोल्हापूर किंवा मुंबई. म्हणून १०८ ला फोन करतानाच ‘हाड बाहेर दिसते आहे’ असे स्पष्ट सांगा, आणि हाडांचे सर्जन आत्ता कुठे हजर आहेत ते विचारून घ्या. वाटेतल्या आरोग्य केंद्रात थांबावे लागले तर इंजेक्शन तिथेच द्यायला सांगा, आणि दिल्याची वेळ चिठ्ठीवर लिहून घ्या.

बौद्धवाडी रस्त्यापासून आत असेल तर माणूस उचलून आणण्याची वेळ येते. जखमेवर स्वच्छ ओले कापड ठेवा. रक्त वाहत असेल तर कोरड्या स्वच्छ कापडाने दाबून धरा. बाहेर आलेले हाड आत ढकलू नका. फळी किंवा जाड बांबूची कामटी लावून पाय वरच्या-खालच्या सांध्यांसह स्थिर करा. झाडावरून पडलेल्याला उठवून बसवू नका. मान, पाठ, कंबर एका रेषेत ठेवून फळीवर घ्या. हळद, चुना, तेल काही नको.

पोलिसांच्या भीतीने मागे राहू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या १३४ अ कलमाने रस्ते अपघातात मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे, नाव सांगण्याची सक्तीही नाही. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार आहेत, पण फक्त योजनेतल्या रुग्णालयात. तेव्हा रुग्णालय निवडतानाच आरोग्यमित्राची चौकशी करा.

हाडवैद्याबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. बंद अस्थिभंगातही घट्ट बांधलेल्या कामट्यांनी रक्तपुरवठा थांबतो आणि काही तासांत स्नायू मरू लागतात. फोल्कमान या जर्मन सर्जनने १८८१ सालीच हे लिहून ठेवले. बांधल्यावर बोटे थंड, निळसर, बधिर झाली, किंवा कोणी ती हळूच सरळ करताच रुग्ण किंचाळला, तर पट्टी त्याच क्षणी सैल करा आणि गाडी बोलवा.