दारं नसलेल्या गावातली परवानगी

गेला आठवडाभर ऑफिसात एका बगने डोकं खाल्लं. आमची सिस्टिम वापरणाऱ्या एका बाईंना एक रिपोर्ट उघडत नव्हता. त्यांचा रोल बरोबर, पर्मिशनच्या टेबलमध्ये हवी ती ओळ हजर, तरी स्क्रीनवर आपलं 'आपल्याला परवानगी नाही'! शेवटी शुक्रवारी संध्याकाळी सापडलं. एका जुनाट फाइलमध्ये कोणीतरी फार पूर्वी चार ओळी लिहून ठेवल्या होत्या. त्या टेबलाला काही विचारतच नव्हत्या, परस्पर नकार देऊन मोकळ्या. लिहिणारा कधीच नोकरी सोडून गेलेला. हे असं का आहे म्हणून विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच, "पहिल्यापासून आहे, हात लावू नकोस."

हे ऐकलं आणि मला शनिशिंगणापूर आठवलं. हसू नका, सांगतो.

आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) नेवासा तालुक्यात हे गाव आहे. नगरहून संभाजीनगरच्या रस्त्याला लागलं की घोडेगावहून आत वळायचं. घरांना दारं नाहीत म्हणून हे गाव प्रसिद्ध. गावाची राखण शनिदेव करतो, चोरी करणाऱ्याचं तो बघून घेतो अशी श्रद्धा. चौकटी आहेत, पण दार नाही, कडी नाही, कुलूप नाही. २०११ मध्ये युको बँकेने इथे शाखा काढली तीसुद्धा 'बिनकुलपाची' म्हणून गाजली. (काचेचं दार आणि सहज न दिसणारं रिमोटवरचं कुलूप होतं म्हणे. बँक ती बँकच!) देवालाही छप्पर नाही. उघड्या चौथऱ्यावर काळी शिळा, वरून तेलाचा अभिषेक.

आता गंमत बघा. जिथे घराला दार नाही, तिथे त्या चौथऱ्यावर मात्र पक्का ॲक्सेस कंट्रोल होता. पुरुषांनी अंघोळ करून ओलेत्याने वर जायचं, बायकांनी खालून हात जोडायचे. दोन रोल, दोन पर्मिशन. हा नियम कोणी आणि कधी केला? पहिल्यापासून आहे!

पण कायद्याच्या टेबलमध्ये काय लिहिलं होतं? त्यासाठी जरा मागे जावं लागेल. २ मार्च १९३० ला बाबासाहेब आंबेडकरांनी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला. तो काही वर्षं चालला, पण दार उघडलं नाही. मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी उपोषण केलं आणि ते मंदिर उघडलं. त्याच वर्षी मुंबई राज्यात मंदिर प्रवेशाचा कायदा आला आणि १९५६ मध्ये त्याहून व्यापक असा दुसरा. या दुसऱ्याच्या इंग्रजी नावात चक्क 'एन्ट्री ऑथरायझेशन' हे शब्द आहेत. ऑथरायझेशन! आपण सकाळ-संध्याकाळ ज्याच्या नावाने बोटं मोडतो तेच. कायद्याचा मतलब साधा आहे. हिंदूंच्या एखाद्या वर्गाला जे सार्वजनिक पूजास्थान खुलं आहे, ते सगळ्या वर्गांना खुलं. कोणी अडवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

कायदा करताना डोळ्यासमोर मुख्यतः जात होती, पण शब्द 'सर्व वर्ग' असे मोकळे ठेवलेले. म्हणजे बायकांच्या रोलसमोर १९५६ पासून टिक लागलेली होती म्हणायला हरकत नाही. फक्त चौथऱ्यापाशी उभा असलेला माणूस ते टेबल वाचत नव्हता.

मधे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. २००० साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने याच प्रश्नावर आंदोलन केलं, डॉ. श्रीराम लागूही त्यात होते. चौथरा काही हलला नाही.

मग नोव्हेंबर २०१५ मध्ये एक बाई सरळ चढून वर गेली, दर्शन घेतलं आणि उतरली. घोषणा नाहीत, मोर्चा नाही. पुढे जे झालं ते आपल्या ओळखीचं आहे. सिक्युरिटीत भोक पडलं म्हणून धावपळ, सुरक्षा रक्षक निलंबित, देवाला दुधाचा अभिषेक, गाव बंद. जानेवारी २०१६ मध्ये देवस्थानाच्या अध्यक्षपदी पहिल्यांदाच एक महिला निवडून आली. रोल ॲडमिनचा, पण चौथऱ्याची पर्मिशन नाही! आणि नव्या मंडळानेही परंपरा चालू ठेवायचीच भूमिका घेतली. २६ जानेवारीला तृप्ती देसाईंच्या भूमाता ब्रिगेडला पोलिसांनी वाटेतच सुप्याला अडवलं.

इकडे विद्या बाळ आणि ॲड. नीलिमा वर्तक यांनी मुंबई हायकोर्टात जनहित याचिका केली. त्यांनी नवा कायदा मागितला नाही, आहे तो चालवा एवढंच म्हटलं. १ एप्रिल २०१६ ला सरकारने कोर्टात सांगितलं की १९५६ चा कायदा आम्ही अमलात आणू. कोर्टानेही बजावलं की मंदिरात जाणं हा स्त्रियांचा मूलभूत हक्क आहे आणि तो जपणं सरकारचं काम. झालं? छे. दुसऱ्याच दिवशी कार्यकर्त्या तिथे पोचल्या तर गावकऱ्यांनी अडवलं. अडवणाऱ्यांत गावातल्या बायकाही होत्या.

आणि आता या गोष्टीतला मला सगळ्यात शिकवून गेलेला भाग. देवस्थानाने तोवर एक तोडगा काढला होता: पुरुषांनाही चौथरा बंद! म्हणजे भेदभावाचा प्रश्नच मिटला. हा आपल्याकडचा लाडका उपाय आहे. एका रोलला ॲक्सेस द्यायचा नसला की सगळ्यांचाच काढून घ्यायचा आणि तिकीट बंद करून टाकायचं. पण ८ एप्रिलला गुढीपाडवा होता. दरवर्षीप्रमाणे देवाला पाणी घालायला गावातले पुरुष बंदी मोडून चौथऱ्यावर गेले. 'सगळ्यांना नाही' हा नियम पहिल्याच सणाला कोसळला. त्याच दिवशी देवस्थानाने चौथरा सगळ्यांना खुला केला आणि बायका वर गेल्या. कायदा झाल्यापासून साठ वर्षांनी.

गावकऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. ज्या श्रद्धेवर लोक रात्री दाराशिवाय निर्धास्त झोपतात तिला कोणी हात लावला तर भीती वाटणारच. त्या चार जुन्या ओळी काढताना माझाही हात थरथरलाच होता.

कागद आणि प्रत्यक्ष यांच्यातली फट उलट्या बाजूनेही पडते बरं का. जुलै २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत याच देवस्थानाबद्दल सांगितलं, की दोन हजारांच्या वर बोगस कर्मचारी दाखवलेत आणि पूजेच्या नावाने बनावट ॲप चालवून भाविकांचे पैसे लाटलेत. एकेकाळी कागदावर हक्क होता पण माणूस आत जाऊ शकत नव्हता, आणि आता कागदावर नाव, पण माणूसच नाही!

मी यातून माझ्यापुरतं एक घेतलं. पर्मिशन दिली आहे की नाही हे टेबल वाचून कळत नाही. ज्याला दिली आहे त्याच्या नावाने लॉगिन करून, दार ढकलून बघावं लागतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये त्या बाईने तेच केलं. साठ वर्षं पडून असलेल्या कायद्याची टेस्ट कोर्टात होण्याआधी त्या पायऱ्यांवर झाली.

असो. त्या रिपोर्टवाल्या बाईंना मी शुक्रवारी रात्री फोन करून सांगितलं की आता उघडेल. त्या म्हणाल्या, "गेलं वर्षभर मी शेजारच्या साहेबांकडून प्रिंट मागून घेत होते. मला वाटलं, मला नसेलच परवानगी."

वर्षभर! आणि आमच्या टेबलमध्ये टिक होती हो.