ब्याऐंशी पोरांचा हिशेब

दरवर्षी ७ नोव्हेंबर येतो. १९०० साली याच तारखेला साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव चढलं. २०१७ पासून महाराष्ट्र सरकार हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. आपल्या वस्तीतही फोटोला हार पडतो, वह्या वाटल्या जातात आणि कुणीतरी पाहुणा उठून सांगतो, "बाळांनो, बाबासाहेब मिणमिणत्या दिव्याखाली शिकले. तुम्हाला तर ट्यूबलाईट आहे. मग का नाही शिकत?" पोरं माना खाली घालतात. असल्या भाषणांना मी टाळ्या पिटल्या आहेत. एक-दोनदा तर ते भाषण मीच ठोकलं आहे.

आता त्याची लाज वाटते. कारण त्या भाषणात शाळा निर्दोष सुटते आणि पोर आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहतं.

मित्रांनो, बाबासाहेबांच्या शाळेची हकिकत आपण एका मुलाच्या जिद्दीची गोष्ट म्हणून सांगत आलो. जिद्द होतीच, त्याबद्दल वाद नाही. पण हीच हकिकत वर्गाचा इतिहास म्हणूनही वाचता येते. वर्गात कोण कुठं बसत होतं? तहान लागली तर काय व्हायचं? फळ्यापर्यंत कोण जाऊ शकत होतं? हे सवाल घेऊन वाचलं की गोष्ट बदलते. मग एक मुलगा दिसतो, आणि त्याच्या मागं न दिसणारी हजारो पोरं दिसायला लागतात.

साताऱ्यापासून सुरुवात करू. बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. वर्गात त्यांची जागा वेगळी, कोपऱ्यात. बसायला गोणपाटाचा तुकडा, तोही घरून आणायचा आणि संध्याकाळी परत न्यायचा, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावायला तयार नव्हता. इतर पोरांना तहान लागली की मास्तरांना विचारायचं, नळावर जायचं, तोटी फिरवायची, प्यायचं. भिवाला तोटीला हात लावायची बंदी. शिपाई आला आणि त्यानं नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसला तर तहानेलं बसायचं. हे काही धर्मशास्त्राच्या पोथीत घडत नव्हतं. सरकारी शाळेत, शाळेच्या वेळेत, घंटा-घंटांच्या मधे घडत होतं.

मग रामजी सुभेदार कुटुंब घेऊन मुंबईला आले. परळची डबक चाळ, एकच खोली. त्यातच चूल, त्यातच सरपण, त्यातच सगळ्यांचं झोपणं. पोराला अभ्यासाला जागा मिळावी म्हणून बाप रात्री दोनपर्यंत जागायचा, मग पोराला उठवून त्याच्या जागेवर झोपायचा. आधी परळची मराठा हायस्कूल, नंतर नावाजलेली सरकारी एल्फिन्स्टन हायस्कूल. मुंबई म्हंजे सुधारलेली नगरी, इथं कोण जात विचारतो, असं आजही ऐकतो आपण. त्या सुधारलेल्या नगरीतल्या सरकारी वर्गात एकदा मास्तरांनी भीमरावाला गणित सोडवायला फळ्याकडं बोलावलं. वर्गात एकच गलका झाला. सवर्ण पोरांचे जेवणाचे डबे फळ्यामागं ठेवलेले असत. भीमराव फळ्यापाशी पोचायच्या आत डबे उचलायला पोरं धावली.

धनंजय कीरांच्या चरित्रामुळं हा प्रसंग घराघरांत पोचला. आपण तो सांगताना भीमरावानं गणित कसं सोडवलं तिथं येऊन थांबतो. मला त्या धावणाऱ्या पोरांविषयी विचारावंसं वाटतं. त्यांना हे कुणी शिकवलं? क्रमिक पुस्तकात तो धडा नव्हता. परीक्षेला तो प्रश्न नव्हता. तरी अख्खा वर्ग एका क्षणात पास झाला. वर्गात दोन अभ्यासक्रम चालतात, एक फळ्यावरचा आणि एक फळ्यामागचा. दुसऱ्याचं पुस्तक छापावं लागत नाही.

आणि पहिल्या अभ्यासक्रमातसुद्धा सगळं खुलं नव्हतंच. संस्कृत शिकायचं होतं, ते मिळालं नाही. फारसी घ्यावी लागली. पुढं संस्कृत शिकले ते स्वतःच्या कष्टानं. १९०७ साली मॅट्रिक झाले. परळमध्ये सत्काराची सभा झाली, सी. के. बोले अध्यक्ष होते आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपलं बुद्धचरित्र भेट दिलं. हे केळुसकर विल्सन हायस्कूलचे मास्तर. चर्नी रोडच्या बागेत रोज एकटाच वाचत बसणारा हा पोरगा त्यांच्या नजरेत भरला होता. बघा, जो मास्तर त्याला ओळखतो तो त्याच्या शाळेतला नाही. गिरगावच्या बागेतल्या बाकावर त्या मुलाला जी जागा मिळाली, ती वर्गातल्या बाकावर मिळाली नव्हती.

पण हा एक टिकला. बाकीच्यांचं काय?

जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाच्या वतीनं मुंबई सरकारकडं अर्ज गेला. सरकारनं नकार दिला. कारण काय, तर एकट्या मुलासाठी शाळा उघडली तर बाकीची पोरं शाळा सोडतील. पुढं कंपनीच्या वरिष्ठांनी सरकारी शाळा सर्व जातींना खुल्या असल्याचं ठरवलं, पण कागदावर उघडलेलं दार गावात बंदच राहिलं. १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनला जे निवेदन दिलं, त्यात बाबासाहेबांनी हे प्रकरण मुद्दाम मांडलं. त्या मुलाची ओळख आपल्यापर्यंत आली ती एवढीच, 'एक महार मुलगा'. पुढं तो शिकला का, कुठं गेला, काही नाही.

इकडं परळ भागात १८ ऑक्टोबर १९०६ रोजी विठ्ठल रामजी शिंदे यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन सुरू करून आपल्या मुलांसाठी शाळा काढली. काम मोलाचं होतं. पण वेगळी शाळा काढावी लागली, यातच बाकीच्या शाळांचं सर्टिफिकेट आलं. ४ ऑगस्ट १९२३ रोजी बोल्यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात पास झाला. सार्वजनिक पाणवठ्यांसोबत सार्वजनिक शाळाही त्यात होत्या. २० जुलै १९२४ ला परळच्या दामोदर हॉलात बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. तिनं १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह काढलं, मुंबईत मोफत वाचनालय चालवलं, तरुणांसाठी हॉकीचा क्लबही काढला. म्हंजे पोराला नुसतं पुस्तक पुरत नाही. जेवण, निजायला जागा, खेळ आणि सोबतीही लागतात, हे आपल्या माणसांना शंभर वर्षांपूर्वी कळत होतं. त्याच १९२५ साली मुंबईच्या एफ आणि जी वॉर्डांत, म्हंजे परळ-दादर-वरळीच्या आपल्याच पट्ट्यात, सक्तीचं प्राथमिक शिक्षण आलं. पोरगं शाळेत येईल याची सक्ती झाली. शाळा त्याला नीट वागवेल याची सक्ती कुणी केली नाही.

आता खरी तारीख. १२ मार्च १९२७. बाबासाहेब कौन्सिलात नवेच आमदार. शिक्षणाच्या खर्चावर बोलायला उभे राहिले आणि हिशेब मांडला. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या दर १०० मुलांमागं चौथीपर्यंत पोचतात फक्त १८. उरलेली ८२ मुलं मधेच सुटतात आणि पुन्हा निरक्षर होतात. ही नुसती आपली पोरं नव्हेत, सगळ्या इलाख्याची. आपल्यांची गत याहून बरी असणं शक्यच नव्हतं. याच वेगानं चाललं तर शाळेत जायच्या वयाची सगळी मुलं शाळेत यायला ४० वर्षं आणि मुली यायला ३०० वर्षं लागतील, हाही सरकारी अंदाज त्यांनी सभागृहाच्या तोंडावर ठेवला. शिक्षण प्रत्येकाच्या आवाक्यात आणायचं असतं, फीचा धंदा करायचा नसतो, हे त्यांचं म्हणणं होतं.

या भाषणानंतर आठव्या दिवशी, २० मार्चला, महाडला चवदार तळ्याचं पाणी हातात घेतलं गेलं. आपण या दोन तारखा वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो. एक शिक्षणाची, एक सत्याग्रहाची. मला त्या एकच वाटतात. साताऱ्याच्या नळाखाली तहानेला राहिलेला मुलगाच महाडला तळ्यात उतरला होता.

आपल्याकडं या ८२ साठी एक सरकारी शब्द आहे, 'गळती'. शब्द मोठा गमतीचा आहे. घरात हंडा गळत असेल तर आपली आय हंड्याला डाग लावून आणते, पाण्याला शिव्या देत नाही. पण शाळेच्या गळतीचे अहवाल वाचा. पालक अशिक्षित, वातावरण नाही, गोडी नाही, व्यसनं आहेत. सगळे दोष पाण्याचे. हंडा कोरा करकरीत!

माझ्या वर्गाची गोष्ट सांगतो, कारण हे सगळं मला तिथं कळलं. नायगावची बीडीडी चाळ, १६० चौरस फुटांची खोली, बाप गिरणीत. १९७० च्या आसपास मी जवळच्याच एका शाळेत तिसरीत होतो. नळावर शिपाई नव्हता. गोणपाट नव्हता, एका बाकावर तिघं बसत होतो. स्वातंत्र्य येऊन वीस वर्षं उलटली होती. माझ्या बाकावर चाळीतलाच एक पोरगा. हिशेबाला विजेसारखा. चाळीच्या जिन्यावर तो एकोणतीसचा पाढा उलटा म्हणायचा, बापाच्या पगाराची चिठ्ठी वाचून खाडे मोजायचा. एक दिवस तो वर्गात उभा राहिला, "बाई, पानी प्यायला जाऊ?"

बाई म्हणाल्या, "पानी नाही, पाणी. आधी नीट म्हण, मग जा."

तो म्हणाला, "पानी." वर्ग हसला. पुन्हा म्हणाला, "पानी." पुन्हा हसला. मीही हसलो. मला 'ण' येत होता ना! चार-पाच वेळा झालं, मग तो गपचूप खाली बसला. त्यानंतर तो वर्गात पाणी प्यायला गेलेला मला आठवत नाही. उत्तर येत असूनही त्यानं हात वर केलेला आठवत नाही. बाई मारकुट्या नव्हत्या, दुष्ट नव्हत्या. शुद्ध भाषा शिकवत होत्या. नळावरचा शिपाई निवृत्त झाला होता आणि त्याच्या जागी 'ण' उभा होता.

पुढं दर जूनला "सवलतीवाले उभे राहा" व्हायचं. आम्ही उभे राहायचो, बाकीचे बघायचे. वर्ग झाडायला कुणाला सांगायचं आणि बाईंचा पेला भरून आणायला कुणाला, याचंही एक न लिहिलेलं वेळापत्रक होतं. माझा सोबती चौथीत शाळेतून गेला. दाखल्यावर काय कारण लिहिलं ते मला ठाऊक नाही. 'ण' लिहिलं नसणार.

१९८२ च्या १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. त्या संपाचा इतिहास खूप लिहिला गेला, दत्ता सामंत, मालक, युनियन, जमिनी. आमच्या चाळीत त्याचा आणखी एक हिशेब होता. फी थकली, पोरं नाक्यावर वडापावच्या गाडीला लागली, पोरी पापड लाटायला बसल्या. माझी धाकटी बहीण त्यातलीच, सातवीतून गेली. बाबासाहेबांनी सांगितलेली ३०० वर्षं मुलींच्या वाट्याला का येतात ते मी घरात पाहिलं. आणि खरं बोलायचं तर तेव्हा मी कॉलेजात होतो आणि मला कुणी घरी बसवलं नाही.

कायदे आले. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १७ व्या कलमात शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही मनाई आहे. १२ व्या कलमात विनाअनुदानित शाळांनी पहिलीच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांना द्यायच्या आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला यातून सूट दिली. मुंबईसारख्या शहरात त्याचा अर्थ उघड होता. त्याच वर्षी १९ जुलैला मुंबई उच्च न्यायालयानं हा बदल रद्द केला. लढणारे लढले म्हणून दार उघडं राहिलं. पण दाराच्या आत गेल्यावर पोराचं काय होतं, त्याच्यासाठी कोर्टात रोज कोण जाणार?

ते काम तुमचं-माझं आहे, दोस्तांनो. भाषण नको. तुमच्या शाखेजवळच्या एका शाळेत जा, मुख्याध्यापकांना भेटा, रीतसर परवानगी घ्या. एक वही करा. वर्गात कोण कुठं बसतं? पाणी कोण आणतं, झाडू कोण धरतं? सवलतीची यादी मोठ्यानं वाचतात की गुपचूप? कुणाच्या बोलीला वर्ग हसतो? आणि पहिलीला किती नावं होती, पाचवीला किती उरली? गेलेल्यांच्या घरी जा, कारण विचारा आणि ते त्यांच्याच शब्दांत लिहा. 'पानी' म्हणाले तर 'पानी'च लिहा. चांगला मास्तर, चांगली बाई दिसली तर तीही नोंद करा, केळुसकर गुरुजी आपण विसरलो नाही. अशा पाच वर्षांच्या वह्या जमल्या तर त्या कौन्सिलातल्या भाषणापुढं ठेवण्यालायक होतील.

माझा तो सोबती मला मागच्या जूनमध्ये भेटला. गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका टॉवरला तो वॉचमन होता, आता घरीच असतो. खिशातून घडी केलेला कागद काढला. नातीच्या पहिलीच्या प्रवेशाचा अर्ज. म्हणाला, "जरा बघ रं, काई चुकलं नाय ना." मी वाचला. अक्षर त्याचंच होतं. सगळा बरोबर होता.