बागबाजारची शाळा आणि आश्रयाचा प्रश्न

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघालेल्या स्त्रीशिक्षणसंस्थांचा विचार करताना मराठी अभ्यासकासमोर प्रथम उभी राहतात ती पंडिता रमाबाईंचे शारदा सदन (१८८९) आणि धोंडो केशव कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम (१८९६). दोहोंतही निवारा आधी आणि शिक्षण त्याच्या आधाराने, असा क्रम होता. कर्व्यांच्या 'बालिका' बहुतांशी विधवा होत्या. 'अनाथ' या शब्दातील 'नाथ' कोण, हे न सांगता सर्वांना कळत होते. १९०० मध्ये हिंगण्यास उभारलेली झोपडी शाळाही होती आणि बिऱ्हाडही.

कोलकात्यात बागबाजारला हा क्रम उलटा झाला. १३ नोव्हेंबर १८९८ रोजी, कालीपूजेच्या दिवशी, शारदादेवींच्या हस्ते पूजा होऊन बोसपाडा गल्लीतील निवेदितांच्या घरी शाळा सुरू झाली. तेथील मुलींना घर होते, आणि शाळेची खरी अडचण तेच घर होते. मुलगी लग्नाची झाली की तिचे येणे थांबे. दुसरी अडचण पैशाची. १८९९ मध्ये शाळा बंद ठेवून निवेदिता निधीसाठी पाश्चात्त्य देशांत गेल्या. १९०२ मध्ये परतल्यावर काम पुन्हा उभे राहिले. १९०३ मध्ये भगिनी ख्रिस्तीन यांच्या साहाय्याने प्रौढ स्त्रियांचा वर्ग निघाला. मुलींना घराबाहेर काढण्यापेक्षा घराची संमती मिळवत जाणे, ही निवेदितांची रीत होती. ती सावध होती, पण तिची मर्यादाही उघड होती : ज्या मुलीला घरच नकोसे झाले तिला केवळ दिवसाची शाळा काय देणार?

१९११ मध्ये निवेदितांचे निधन झाले. आपली मालमत्ता आणि ग्रंथांचे उत्पन्न त्यांनी स्त्रीशिक्षणाच्या कार्यासाठी बेलूर मठाच्या विश्वस्तांकडे सोपवले होते. पुढे शाळेची धुरा वाहणाऱ्या सुधीरादेवींच्या काळात शाळेला 'मातृमंदिर' या निवासाची जोड मिळाली आणि वरील प्रश्नाला प्रथमच उत्तर लाभले. शाळेची विद्यार्थिनी पारुल हिचा बालविवाह झाला होता. संसार नाकारून ती घरातून निघून गेली. तिला लपवून ठेवण्याचे धाडस सुधीरादेवींनी केले आणि तिचे नाव बदलून सरला ठेवण्यात आले. निवेदितांच्या संमतीवादी धोरणात हे बसणारे नव्हते. तरीही संस्थेच्या वाढीतील निर्णायक पाऊल हेच मानावे लागते. सरलादेवींनी परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि १९२० पर्यंत शारदादेवींची शुश्रूषा केली.

१९१८ मध्ये शाळा रामकृष्ण मिशनकडे गेली. १९५४ मध्ये श्री शारदा मठ स्थापन झाला तेव्हा त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या प्रव्राजिका भारतीप्राणा, म्हणजे तीच सरला. १९६३ मध्ये बागबाजारची शाळा रामकृष्ण शारदा मिशनच्या हाती आली, तेव्हाही मठाच्या अध्यक्षपदी त्याच होत्या.