पोटावरच्या हिसक्याचं माहेर

घास अडकून गुदमरणाऱ्याच्या मागे उभं राहायचं, बेंबीच्या थोडं वर मूठ टेकवायची, दुसऱ्या हाताने ती धरायची आणि आत-वर हिसका द्यायचा. सिनसिनाटीचे छातीचे सर्जन हेन्री हाइमलिक यांनी १९७४ मध्ये ही युक्ती छापली आणि तिला त्यांचंच नाव लागलं. हे बहुतेकांना ठाऊक असतं. माझं लक्ष तिच्या माहेराकडे आहे.

१९०३ मध्ये एडिंबरोचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ एडवर्ड शेफर यांनी बुडालेल्यांसाठी एक रीत सांगितली. माणसाला पालथं घालायचं, खालच्या बरगड्यांवर दोन्ही हातांनी अंगाचा भार द्यायचा, काढायचा, पुन्हा द्यायचा. पोटातले अवयव दबतात, श्वासपटल वर सरकतं, हवा बाहेर पडते. हाइमलिक यांचा हिशोबही हाच. साधा श्वास सोडल्यावरही फुप्फुसांत दोन लिटरांहून जास्त हवा उरते. श्वासपटल खालून ढकललं की तीच हवा घासाला उडवते. पालथ्याला उभं करा, संथ लयीऐवजी झटका द्या, की शेफरची रीत हाइमलिकची होते!

यावर कुणी म्हणेल, हाइमलिक यांनी भूल दिलेल्या कुत्र्यांवर प्रयोग केले होते, शेफरचा संबंध काय? नक्कल केली असं मी म्हणतच नाही. पण ते डॉक्टर झाले १९४० च्या दशकात, आणि तेव्हा अमेरिकेत प्रथमोपचारात शेफरचीच रीत शिकवत. ती त्यांच्या कानावर आली नसेल, हे मला पटत नाही. पुढे तर ते बुडालेल्यांनाही हाच हिसका द्या म्हणू लागले. लेक माहेरी परतली! वैद्यकीय संस्थांनी मात्र ते नाकारलं: बुडालेल्याला हवा आत हवी असते, आणि हिसक्याने उलटी होऊन ती फुप्फुसांत उतरू शकते.

घास अडकल्यावर पाठीत मारायच्या थापट्यांवर हाइमलिक यांचा फार राग. १९८५ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनीही त्या धोक्याच्या ठरवल्या. पण अमेरिकन रेड क्रॉसने २००६ मध्ये त्या परत आणल्या: आधी पाठीत पाच, मग पोटावर पाच. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०२५ मध्ये हाच क्रम घेतला. जोरात खोकता येत असेल, तर मात्र खोकू द्यायचं.

वर्षाखालच्या बाळाच्या पोटावर हिसका द्यायचाच नाही. त्याला हातावर पालथं, डोकं खाली ठेवून पाठीत पाच थापट्या, मग उताणं करून छातीवर पाच दाब. पालथं म्हणजे पुन्हा शेफर? नाही, तिथे मदत गुरुत्वाकर्षणाची. तेवढा मोह मी आवरतो.