मिश्रणाचे बियाणे

परभणीच्या कृषी विद्यापीठाने १९८५ मध्ये ‘परभणी क्रांती’ हे भेंडीचे वाण दिले. हळद्या रोगाने बेजार झालेल्या भेंडीचा एका रानजातीशी संकर करून ते घडवले गेले. जांभळे आणि नेरकर या संशोधकांची नावे आज बियाण्याची पिशवी फोडणाऱ्या किती जणांना ठाऊक असतील? पण त्यावाचून काही अडत नाही. वाण स्थिर झाले की कर्त्याची करामत बियाण्यात उतरते.

रेड वाइनच्या मिश्रणाचे तसे नाही. प्रत्येक जातीच्या द्राक्षांची वाइन सहसा वेगळी मुरवतात. मग चाखून, तोलून, कशात किती मिसळायचे ते ठरते. एप्रिलची खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची फळछाटणी तीच राहिली, तरी फेब्रुवारी-मार्चचे ऊन तेच राहत नाही. ते लवकर चढले की साखर वाढते, आंबटपणा उतरतो आणि गेल्या वर्षीचे प्रमाण निरुपयोगी ठरते. मिश्रण दरवर्षी नव्याने रचावे लागते. म्हणून वाइनमेकर बदलला की प्रश्न उभा राहतो. (या माणसाला मराठीत अजून धड नाव नाही. ‘मद्यनिर्माता’ म्हटले की डोळ्यांपुढे दारूचा कारखाना येतो.)

सोलापूर जिल्ह्यात, अकलूजला, फ्रॅटेली वाइन्सचे मळे आहेत. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेची या तीन घराण्यांनी हा उद्योग उभारला. त्यांच्या ‘सेत्ते’ या रेड वाइनचे नावच इटालियनमध्ये ‘सात’. तिच्यात काबर्ने सोव्हिन्यों आहे, तशीच सांजोवेसेही. सांजोवेसे ही तोस्कानाची द्राक्षे, आणि पहिले वाइनमेकर पिएरो मासी तोस्कानाचेच. ऊस आणि साखर कारखान्यांच्या या मुलखात सांजोवेसेचे वेल दिसतात, ते एका माणसाच्या माहेरच्या ओढीने, असे मला वाटते. आणि वेल एकदा लावला की दशकानुदशके उभा राहतो. पुढे येणारा कोणीही प्रमाण बदलू शकतो. घटक मात्र आधीच्याने निवडून ठेवलेले असतात.

पिंपांचीही हीच गत. त्यात मुरत पडलेली वाइन निघून जाणाऱ्याची, ती मिसळणारा हात नव्याचा. लेबलावर छापले जाते ते साल काढणीचे. हात कोणाचा, ते सहसा छापत नाहीत. इतिहास लिहिणाऱ्याची खरी अडचण इथे आहे.

कर्नाटकात नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी ग्रोव्हरची ‘ला रिझर्व्ह’ बनते. तिला दिशा दिली ती बोर्दोच्या मिशेल रोलाँ यांनी, सल्लागार म्हणून. काबर्ने आणि शिराझ यांचा मेळ बोर्दोच्या नियमांत बसत नाही. घरी ज्याला मनाई, ते त्यांनी इथे निर्धास्त केले. २०१२ मध्ये ग्रोव्हर आणि इगतपुरीकडची व्हॅले द व्हँ एकत्र येऊन ‘ग्रोव्हर झम्पा’ झाली. कंपनी बदलली, ‘ला रिझर्व्ह’ हे नाव राहिले.

नारायणगावच्या इंडेजला तेवढेही लाभले नाही. शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्राने उभारलेला हा उद्योग १९८० च्या दशकात इथली फेसाळ वाइन परदेशी घेऊन गेला आणि पुढे कर्जात बुडाला. तिथे काय किती मिसळत, हे कळायचे तर कामाच्या वह्या हाती लागायला हव्यात. परभणी क्रांतीचे बियाणे मात्र तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात आजही मिळते.